ओळखीचे दुःख आणि कोरा कागद

मनुष्य ओळखीचे दुःख सोडून अनोळखी भवितव्याकडे का वळत नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच साहित्याचाही आहे. प्रत्यक्ष जीवनात माणसाच्या निवडीमागची कारणे परिस्थितीच्या गर्दीत झाकून जातात, तर कल्पित किंवा दंतकथेतील पात्राच्या बाबतीत ती निवड तपासता येईल इतकी उघडी ठेवलेली असते. मराठी वाचकाला या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप भेटते ते शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने ते नाटक मराठीत आणले. त्यातील राजपुत्राच्या प्रसिद्ध स्वगताचा आशय असा, की मृत्यूच्या पलीकडे काय आहे याची वार्ता कोणीही परत येऊन सांगितलेली नसल्याने माणूस वाट्याला आलेले हालच सोसत राहतो आणि विचार करता करता त्याचे धैर्य फिके पडते. या तर्काचा गाभा एवढाच, की दुःख कितीही मोठे असले तरी त्याचे माप ठाऊक असते, अज्ञाताचे माप मात्र घेता येत नाही. विसाव्या शतकातील मानसशास्त्राने हीच गोष्ट प्रयोगांनी पडताळली. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले की एखाद्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला अधिक बोचते, आणि १९८८ साली विल्यम सॅम्युएलसन व रिचर्ड झेकहाउझर यांनी दाखवले की अनेक पर्याय समोर असताना ‘आहे तसेच राहू द्यावे’ या पर्यायाकडे माणसाचा कल, केवळ तो पर्याय चालू स्थितीचा आहे म्हणून, झुकतो.

हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण ते थिटे पडते. एकाच प्रकारच्या दुःखात दोन माणसे राहत असतील आणि दोघांनीही ते सोडण्याची संधी नाकारली असेल, तर ज्ञात आणि अज्ञात या जोडीवरून दोघांची निवड सारखीच ठरते. मात्र त्यांतील एकाचे राहणे हा भ्याडपणा आणि दुसऱ्याचे राहणे हा पुरुषार्थ असू शकतो, हे साध्या जाणकारालाही कळते. हा फरक कशाने पडतो याचा शोध घ्यायचा तर त्यासाठी तापीच्या खोऱ्याइतकी समृद्ध भूमी क्वचितच सापडेल. चौदाशे वर्षे मृत्यू चुकवणारा चांगदेव, पुण्याहून गावी परतलेला ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेत एका योग्याला उत्तर देणारी सासुरवाशीण ही तिन्ही पात्रे आजच्या जळगाव जिल्ह्याच्या मातीशी बांधलेली आहेत, आणि तिघांनीही ओळखीचे जगणे पत्करले आहे. त्यांना शेजारी शेजारी ठेवले की दुःख ओळखीचे आहे की नाही याला फारसे महत्त्व उरत नाही, आणि ते कोणासाठी वागवले जात आहे हा प्रश्न पुढे येतो.

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर चांगदेव याच नावाचे गाव आणि चांगदेवाचे प्राचीन देवालय आहे. तेथून जवळच, कोथळी आणि मेहूण या परिसरात, मुक्ताबाईची स्थाने आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणाचे जुने नाव एदलाबाद मागे पडून तिचेच नाव आता रूढ झाले आहे. परंपरा सांगते की चांगदेवाने हठयोगाच्या बळावर चौदाशे वर्षांचे आयुष्य मिळवले आणि ते ‘काळवंचने’ने मिळवले. काळवंचना म्हणजे काळाची फसवणूक: मृत्यूची घटका जवळ आली की प्राण ब्रह्मरंध्रात नेऊन समाधी लावायची, घटका टळली की पुन्हा देहावर यायचे आणि पुढची शंभर वर्षे जगायचे. इतिहासाच्या कसोटीवर या कथेचे काय उरते हा वेगळा विषय आहे. येथे चांगदेव हे लोकमनाने घडवलेले पात्र म्हणूनच घेतले आहे. या पात्राचे मर्म असे, की सिद्धी, शिष्यपरिवार, वाघावरचे आसन आणि हातातला सापाचा चाबूक एवढे सर्व मिळवूनही त्याने जे टाळले ते एकच होते, ओळखीचा देह सोडून अनोळखीत पाऊल टाकणे.

पतंजलीच्या योगसूत्रांत याला नाव आहे. साधनपादात अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश असे पाच क्लेश, म्हणजे चित्ताला पिडणारे पाच दोष, सांगितले आहेत. त्यांपैकी शेवटचा अभिनिवेश म्हणजे ‘मी असावे, मी नाहीसा होऊ नये’ ही जीविताची चिवट ओढ. सूत्रकार तिला ‘स्वरसवाही’, म्हणजे आपल्याच ओघाने वाहणारी, म्हणतो आणि ती विद्वानालाही अज्ञान्याइतकीच चिकटलेली असते असे बजावतो. व्यासभाष्याने यावर केलेला युक्तिवाद हॅम्लेटच्या तर्काला थेट छेद देणारा आहे. नुकत्याच जन्मलेल्या कृमीलाही मरणाचे भय वाटते, आणि या जन्मात तर त्याने मरण पाहिलेले नाही. मग हे भय कोठून आले, असा प्रश्न करून भाष्यकार म्हणतो की मागील जन्मी भोगलेल्या मरणदुःखाचा संस्कारच त्या भयाच्या रूपाने उरला आहे. पूर्वजन्म मान्य नसलेल्या वाचकालाही या युक्तिवादातील सूक्ष्म गोष्ट घेता येते. हॅम्लेटच्या मते माणूस भितो, कारण पुढचे ठाऊक नाही. व्यासभाष्याच्या मते माणूस भितो, कारण पुढचे त्याला एकदा चांगलेच ठाऊक झालेले आहे आणि फक्त त्याची आठवण पुसली गेली आहे. ज्याला आपण अनोळखी भवितव्य म्हणतो ते पुष्कळदा एखाद्या जुन्या आघाताचेच पुढे सरकवलेले रूप असते, आणि त्यापासून पळणारा माणूस खरे तर मागे घडलेल्यापासून पळत असतो. हा विचार पांडुरंग सांगवीकराकडे जाताना उपयोगी पडणारा आहे.

चांगदेवाच्या कथेत त्याचे हे टाळणे अखेर जेथे अडते ती जागा विलक्षण आहे. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्याने त्यांना पत्र लिहायला घेतले, पण मायना काय लिहावा हे त्याला सुचेना. ज्ञानेश्वर वयाने पोरगे, म्हणून ‘चिरंजीव’ म्हणावे तर ते ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ म्हणावे तर ते वयाने धाकटे. शेवटी त्याने कोराच कागद धाडला, आणि तो पाहून मुक्ताबाईने, एवढी वर्षे जगूनही हा योगी कोराच राहिला, अशा अर्थाचे उद्गार काढले. येथे ध्यानात घेण्याजोगे असे, की ‘चिरंजीव’ हा मायन्याचा शब्द शब्दार्थाने चांगदेवालाच सर्वाधिक लागू पडत होता, आणि तोच त्याला लिहिता आला नाही. ओळखीच्या आयुष्याची चौदा आवर्तने करून झाल्यावर त्याच्या हाती आले ते एक रिकामे पान, ज्यावर स्वतःचे नाते कसे सांगावे हेही त्याला उमगत नव्हते. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्याच ‘चांगदेवपासष्टी’ होत. पाहणारा आणि पाहिले जाणारे ही दोन्ही एकाच चैतन्याची, म्हणजे जाणिवेच्या मूळ तत्त्वाची, रूपे आहेत, हा त्यांचा आशय. बृहदारण्यक उपनिषदात भयाचे मूळ ‘दुसरे’ असण्यात सांगितले आहे; ज्ञानेश्वर चांगदेवाला त्या ‘दुसऱ्या’तूनच सोडवू पाहतात, म्हणजे देह आणि मृत्यू, ओळखीचे आणि अनोळखी, ही विभागणीच मुळात टिकत नाही असे दाखवतात.

याच ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, मनुष्य स्वतःच स्वतःचा बंधू आणि स्वतःच स्वतःचा शत्रू असतो या गीतावचनावर भाष्य करताना, कोशकीटकाचा दृष्टान्त दिला आहे. कोशकीटक म्हणजे स्वतःच्या मुखातून काढलेल्या धाग्यात स्वतःला गुंडाळून घेणारा किडा. त्याच ओघात नळीवरच्या पोपटाचाही दृष्टान्त येतो: पारध्याने टांगलेली नळी पोपटाच्या भाराने फिरते, पोपट उलटा होतो आणि वस्तुतः कोणीही बांधलेले नसताना आपण बांधले गेलो या समजुतीने नळी घट्ट धरून ठेवतो. पोपटाने पाय सोडला की तो मुक्त आहे, पण पाय सोडणे हेच त्याला मरण वाटते. कोशाची ही प्रतिमा केवळ ज्ञानेश्वरीतच आहे असे नाही. सांख्यदर्शनात प्रकृती सात रूपांनी स्वतःला कोशकाराप्रमाणे बांधते आणि एकाच रूपाने, म्हणजे ज्ञानाने, सोडवते, असे सांगितले आहे. आणि बांधणाऱ्या त्या सात रूपांत अधर्म, अज्ञान यांच्या जोडीने धर्म आणि वैराग्य यांचीही गणना केलेली आहे. म्हणजे मनुष्य केवळ आळसाने किंवा लोभाने कोश विणतो असे नाही, तो कर्तव्याच्या आणि विरक्तीच्या धाग्यांनीही तो विणू शकतो. परिचित दुःखाला चिकटून राहणाऱ्या प्रत्येक पात्राच्या बाबतीत हा इशारा जवळ ठेवावा लागतो, कारण त्या चिकटण्याला सर्वांत सुंदर नावे कर्तव्याचीच दिली जातात.

भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली आपल्या पहिल्या कादंबरीला ‘कोसला’, म्हणजे कोश, हे नाव दिले तेव्हा ही सगळी परंपरा त्या एका शब्दात उतरली. नेमाड्यांचा जन्म १९३८ सालचा, यावल तालुक्यातील सांगवीचा, आणि कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर आपले आडनावच गावावरून घेऊन येतो. खान्देशातील सधन शेतकऱ्याचा हा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला जातो, वसतिगृहात राहतो, खानावळीच्या, संमेलनांच्या, मित्रमंडळींच्या उठाठेवी करतो, बापाचे पैसे उधळतो, मग हळूहळू सगळ्यातूनच त्याचे मन उठते. आणि पुण्यातले शिक्षण तडीस न नेता तो गावी परततो. ज्या बापाच्या दराऱ्याला, पैशाच्या हिशेबाला आणि व्यवहारी कठोरपणाला कंटाळून त्याने गावाकडे पाठ फिरवली होती त्याच बापाच्या घरी, त्याच रिकामटेकड्या दिवसांत तो येऊन बसतो. पुण्यात राहून नोकरी धरणे, आणखी एखादी परीक्षा देणे, दुसऱ्या शहरी जाणे असे मार्ग त्याला अगदीच बंद नव्हते. नेमाड्यांच्याच पुढच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील हा प्राध्यापक एका गावातून दुसऱ्या गावात, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत सतत बिऱ्हाड हलवत राहतो, हे आठवले म्हणजे पांडुरंगाचे परतणे अटळ नव्हते हे अधिकच ठळक होते. आणि ओळखीचा देह न सोडणाऱ्या योग्याचे नाव लेखकाने नेमके या भटक्या नायकाला द्यावे, ही गोष्टही मनात रेंगाळत राहते.

पांडुरंगाच्या परतण्याला समीक्षेने पुष्कळदा अस्तित्ववादाच्या भाषेत समजून घेतले आहे. अस्तित्ववाद म्हणजे माणसाला कोणताही ठरलेला अर्थ आधीपासून मिळालेला नसतो आणि निवडीचा संपूर्ण भार त्याच्यावरच असतो, असे मानणारी विचारधारा. तिचा पूर्वसूरी सोरेन किर्केगार्ड याने १८४४ साली चिंतेच्या संकल्पनेवर लिहिलेल्या ग्रंथात भय आणि चिंता यांत भेद केला: भयाला काही विषय असतो, वाघ, आजार, सावकार; चिंतेला विषयच नसतो, ती आपल्यापुढे खुल्या असलेल्या शक्यतांपुढे येणारी भोवळ असते. या दृष्टीने पाहिले तर पांडुरंग शक्यतांच्या कड्यावरून मागे सरकलेला तरुण ठरतो. हे वाचन अभ्यासाला योग्य असले तरी ते कादंबरीतील दोन गोष्टींना न्याय देत नाही.

पहिली गोष्ट अशी, की पांडुरंगाने नाकारलेले भवितव्य अनोळखी राहिलेलेच नव्हते. परीक्षा, पदवी, नोकरी, लग्न, शहरातले घर ही शिडी त्याने पुण्यात जवळून पाहिली, तिच्यावर चढणाऱ्यांची भाषा ऐकली, काही काळ स्वतःही ती बोलून पाहिली, आणि त्या भाषेतला पोकळपणा त्याला सहन होईना. उलट ज्या गावी तो परतला ते गावच आता त्याला अनोळखी झाले होते, कारण त्याच्याकडे पाहणारे डोळे बदलले होते आणि त्याचेही डोळे पूर्वीचे राहिले नव्हते. ज्ञात आणि अज्ञात यांची येथे अदलाबदल झाली आहे. त्यामुळे ‘त्याने परिचिताची वाट धरली’ असे म्हणताना कोणते परिचित, हे विचारावेच लागते. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे आणि तिचे नाव मनी. पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवीच्या आजाराने मरते. मराठी कादंबरीत मृत्यूची वर्णने कमी नाहीत, परंतु या मरणाने निवेदकाच्या भाषेचेच तुकडे होतात, आणि त्याचा पुढचा सर्व कोरडेपणा, थट्टा, कशातच मन न लागणे या मरणाच्या पाठीवर उभे आहे असे वाटत राहते. व्यासभाष्यातील युक्तिवाद येथे अक्षरशः लागू पडतो. पांडुरंगाला पुढचे काही नको झाले, कारण पुढच्याची एक चव त्याने घेतलेली होती: आपण पुण्यात असताना घरी असे काही घडू शकते, आणि घडल्यावर कोणाचेही तत्त्वज्ञान, कोणाचीही पदवी ते परत फिरवू शकत नाही.

मग त्याचे परतणे हा कोश आहे की घर? शीर्षकाने ही शक्यता जाणूनच खुली ठेवली आहे. ज्ञानेश्वरांच्या दृष्टान्तात किड्याचा कोश म्हणजे निव्वळ बंधन. पण निसर्गात कोश ही अळी आणि पाखरू यांच्यामधली अवस्था असते. रेशीम काढणारे मात्र पाखरू बाहेर पडण्याआधीच कोश उकळत्या पाण्यात टाकतात, कारण पाखरू कोश फोडून निघाले की अखंड धागा मिळत नाही. पांडुरंगाचा कोश या दोहोंपैकी कोणत्या टोकाला जातो हे कादंबरी सांगत नाही, आणि न सांगण्यातच तिचा प्रामाणिकपणा आहे. मात्र एक निर्णय देता येतो, आणि तो टाळणे बरे नव्हे: पांडुरंगाचे राहणे हे ज्याच्यासाठी राहावे असे कोणी उरले नसतानाचे राहणे आहे. बापाशी त्याचे पटत नाही. गावातील सोबती त्याच्यासारखेच वेळ काढणारे आहेत. आणि जिच्यामुळे त्या घराला घर म्हणता आले असते ती गेलेली आहे. त्याच्या परिचित दुःखाला साक्षीदार आहेत, वारसदार नाही.

येथे धुळ्याच्या तुरुंगाची आठवण प्रस्तुत ठरते. १९३२ साली विनोबा भावे धुळे तुरुंगात असताना २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि अमळनेरच्या शाळेतील शिक्षकी सोडून सत्याग्रहात उतरलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. तीच पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघर गेली. गीतेचा प्रश्न आपल्या प्रश्नाच्या बरोबर उलटा आहे. अर्जुनाला ओळखीचे कष्ट, म्हणजे युद्ध, नको आहेत, आणि भिक्षा मागून जगण्याचे अनोळखी भवितव्य त्याला अधिक पवित्र वाटते. श्रीकृष्ण त्याला परत स्वधर्माकडे, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला सहजपणे आलेल्या कर्तव्याकडे, वळवतो. विनोबांनी याचे विवरण करताना दाखवले की अर्जुनाची विरक्ती ही मोहाची भाषा होती आणि तो वनात गेला असता तरी त्याचा क्षत्रिय स्वभाव तेथेही त्याला शस्त्राकडेच ओढून नेता. दूध पाण्यापेक्षा मोलाचे असले म्हणून मासा दुधात जगू शकत नाही, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. म्हणजे अनोळखीकडे जाणे हे आपोआप धैर्य ठरत नाही, आणि ओळखीत राहणे आपोआप भ्याडपणा ठरत नाही.

परंतु हे सांगणारा वक्ता आणि ऐकणारे श्रोते कोण होते हेही पाहिले पाहिजे. त्या तुरुंगात बसलेली माणसे आपापली घरे, शेती, वकिली, शिक्षकी सोडून आलेली होती. खुद्द विनोबा २५ मार्च १९१६ रोजी बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघाले असता वाटेत सुरतेलाच उतरले आणि काशीला गेले. विनोबा आणि पांडुरंग या दोघांनीही शिक्षणाची वाट अर्ध्यावर सोडली, आणि एकाची वाट अनोळखीकडे, दुसऱ्याची ओळखीकडे वळली; तरी स्वधर्माचा शोध घेतला कोणी, हे सांगायला दिशा पुरत नाही. स्वधर्म शब्दात ‘स्व’ आधी आहे. ज्याने तो ओळखायचा त्यानेच तो ओळखावा लागतो. दुसऱ्याने बोट दाखवून ‘हा तुझा’ म्हणताच तो शब्द बेडी होतो. या देशात तो शब्द शतकानुशतके बेडी म्हणूनही वापरला गेला, कष्टकरी जातींना त्यांच्याच दुःखात राहण्याचा उपदेश करण्यासाठी वापरला गेला, आणि म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे लाखो लोकांनी परिचित धर्मच सोडून दिला. स्वधर्माचे कोणतेही विवेचन या घटनेला वळसा घालून पूर्ण होऊ शकत नाही.

खान्देशातील शेतीव्यवस्थेत हाच प्रश्न दरवर्षी एका ठरलेल्या सणाला उभा राहत आला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर एकाच मालकाच्या शेतात राबणारा गडी. त्या दिवशी त्याला मालक बदलण्याची मोकळीक असते, तरी अनेक सालदार जुन्याच मालकाकडे, जुन्याच बोलीवर राहतात. त्यामागे बहुधा घेतलेली उचल फेडायची असते, घरात आजारपण असते, आणि नव्या मालकाकडे ऐन पावसाळ्यात उचल मिळेल याची खात्री नसते. अज्ञाताचे भय हे मोठे नाव अशा राहण्याला देणे म्हणजे त्याच्या साध्या हिशेबाचा अपमान करणे होय. तत्त्वज्ञानाने येथे नम्रपणे बाजूला व्हावे. जेथे दुसरा पर्याय कागदावरच असतो तेथे निवडीची चर्चा करणे हा अन्याय आहे.

त्याच आखाजीला खान्देशातील सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतील जी स्त्री येथे विचारात घ्यायची आहे ती याच सासर-माहेरच्या वाटेवरची. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावी आल्या, ऐन तिशीत विधवा झाल्या, शेती आणि मुले यांच्या कष्टांत आयुष्य गेले, आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या एका कवितेत स्त्री आपल्या माहेराचे कौतुक करीत असते आणि एक योगी तिला विचारतो की माहेर इतके सुखाचे असेल तर ती सासरी आलीच कशाला. प्रश्न तर्कशुद्ध आहे आणि तो योग्यानेच विचारावा हे योग्यच आहे, कारण ज्याने घर सोडले आहे त्याला घरात राहणाऱ्याचे दुःख हा उघड मूर्खपणा वाटणार. स्त्रीचे उत्तर अशा अर्थाचे आहे, की आई सासरी नांदत राहिली तरच उद्या तिच्या मुलीला यायला एक माहेर उरेल.

या उत्तरात हॅम्लेटचा तर्क पूर्णपणे उलथला आहे. ही स्त्री भवितव्याला घाबरून परिचिताला चिकटलेली नाही. ती परिचित दुःखात राहून दुसऱ्या कोणाचे तरी भवितव्य घडवते आहे, आणि ज्याला आपण अनोळखी म्हणतो तो उद्या तिने आपल्या लेकीच्या रूपाने जवळून पाहिलेला आहे. उपनिषदाने भय ‘दुसऱ्या’पासून उपजते असे म्हटले होते; येथे ‘दुसरे’ हेच सोसण्याचे बळ झाले आहे. योग्याने ‘दुसरे’ नाहीसे करून जे मिळवायचे ते तिने ‘दुसऱ्या’ला जवळ धरून मिळवले, आणि एखादा विचारवंत या दोन मार्गांत विरोध पाहील, पण खरे पाहता दोन्ही मार्गांत ‘मी असावे’ हा अभिनिवेश गळून पडतो, एकीकडे ज्ञानाने आणि दुसरीकडे वात्सल्याने. अर्थात या उत्तराला एक जखमही आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या लेकीसाठी आई नांदते ती लेकही एखाद्या सासरी नांदायला जाणार आहे आणि हेच उत्तर पुन्हा देणार आहे; दुःख अशा रीतीने आईकडून लेकीकडे पोहोचते आणि व्यवस्थेला कोणी प्रश्न करीत नाही. बहिणाबाईंच्या उत्तराने त्या स्त्रीचे राहणे समर्थनीय होते, सासर नावाची व्यवस्था समर्थनीय होत नाही, आणि हे दोन्ही वेगळे ठेवण्याइतकी सावधगिरी वाचकाला बाळगता येते.

त्यांच्याच दुसऱ्या एका कवितेत एक विधवा दारी आलेल्या ज्योतिषाला हात दाखवायला नकार देते. आपले दैव आपल्याला कळते, ते सांगण्यासाठी त्याने यायची गरज नाही, असे ती बजावते. भवितव्य जाणून घेण्याची फुकटात आलेली संधी नाकारणारी ही स्त्री आणि मृत्यू चौदा वेळा चुकवणारा योगी एकाच जिल्ह्यातले आहेत. एकाला अनोळखीचे तोंडच पाहायचे नव्हते; दुसरीला ते आधीच कोणी सांगावे याची गरज वाटत नव्हती, कारण पुसले गेलेले कुंकू, शेत आणि तीन मुले यांनी तिचा उद्याचा दिवस ठरवून टाकला होता आणि त्या दिवसाला ती तशीच सामोरी जाणार होती.

चांगदेवाच्या कथेचा शेवट असा, की पासष्ट ओव्यांनंतर तो मुक्ताबाईचा शिष्य झाला. चौदाशे वर्षांच्या योग्याने एका लहान मुलीला, ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीला, गुरू केले. त्यानंतर त्याने काळाला पुन्हा फसवले नाही, आणि परंपरेनुसार गोदावरीकाठी पुणतांब्याला समाधी घेतली. मुक्ताबाई १२९७ साली तापीकाठी वीज कडाडली असता अंतर्धान पावली असे मानतात, आणि तेथून यावल तालुक्यातील सांगवी फार दूर नाही. ‘कोसला’तील पांडुरंगालाही धाकटी बहीण होती. कोरा कागद पाहून त्याला चार शब्द सुनावील इतकी मोठी होण्याआधीच ती देवीने गेली.